वाचकांचे प्रश्न : चार कोटी नावांत आपला दाता का सापडत नाही?

गेल्या अंकात अस्थिमज्जेच्या (हाडांच्या आतल्या, रक्त तयार करणाऱ्या मऊ भागाच्या) प्रत्यारोपणावर, म्हणजे रुग्णालयात ज्याला सरसकट 'बोन मॅरो ट्रान्सप्लांट' म्हणतात त्यावर लेख आला होता. नात्याबाहेरच्या दात्यांची नोंदणी ठेवणाऱ्या रजिस्ट्रींविषयी त्यात चारच ओळी होत्या, पण पत्रे आली ती बहुतेक त्या चार ओळींवरच. नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काही निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहे. पत्रलेखकांची नावे न छापता केवळ गावे दिली आहेत.

माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया आहे. त्याची अस्थिमज्जा पुरेसे रक्त तयार करत नाही. त्याच्या एकुलत्या एका बहिणीशी जुळणी झाली नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी जगभरच्या यादीत शोध घेतला, तिथेही पूर्ण जुळणारा दाता नाही. त्या यादीत चार कोटींहून अधिक नावे आहेत असे म्हणतात. मग एकही माणूस कसा मिळत नाही? — एक वाचक, नाशिकरोड

आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. पहिला भाग शरीराचा आहे. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर काही प्रथिने असतात, त्यांना एचएलए म्हणतात. आपले कोण आणि परके कोण हे रोगप्रतिकार यंत्रणा त्यांच्यावरून ओळखते. या प्रथिनांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून असल्यामुळे ती बहुधा गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात : एक गठ्ठा आईकडून, एक वडिलांकडून. म्हणून सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता चारांत एक असते. एकच भावंड असेल तर २५ टक्के, दोन असतील तर सुमारे ४४ टक्के आणि तीन असली तरी ५८ टक्क्यांच्या आसपास. कुटुंबे लहान झाल्यावर घरातच दाता मिळण्याचे प्रमाण घटले, ते या साध्या हिशेबामुळे.

भावंड जुळत नसेल तर नात्याबाहेरचा दाता शोधावा लागतो. त्यासाठी साधारणपणे ए, बी, सी, डीआरबी१ आणि डीक्यूबी१ या पाच जागांची प्रत्येकी दोन रूपे तपासतात आणि दहापैकी दहा जुळणारा दाता उत्तम मानतात. प्रत्येक जागेची रूपे शेकड्यांनी-हजारांनी आहेत. कोणती रूपे एकत्र, एकाच गठ्ठ्यात सापडतात हे मात्र योगायोगावर नसते. ते त्या माणसाचे पूर्वज कोठले आणि त्यांनी आपसात किती पिढ्या लग्ने केली यावर ठरते.

उत्तराचा दुसरा भाग येथे सुरू होतो आणि तो शरीराचा नाही. ही चार कोटींची यादी माणसांनी जिथे जिथे दाते गोळा केले तिथली यादी आहे. दात्यांची पहिली रजिस्ट्री १९७४ साली लंडनमध्ये सुरू झाली. शर्ली नोलन या आईने आपल्या अँथनी या मुलासाठी ती उभी केली. अँथनीला दाता मिळाला नाही आणि १९७९ मध्ये तो गेला, पण रजिस्ट्री टिकली आणि वाढली. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय रजिस्ट्री आली आणि १९९१ मध्ये जर्मनीत डीकेएमएस ही संस्था निघाली. साडेआठ कोटींच्या आसपास लोकसंख्या असलेल्या एकट्या जर्मनीत आज सुमारे एक कोटी दाते नोंदलेले आहेत. भारताची लोकसंख्या त्याच्या सुमारे सतरापट असूनही आपल्याकडच्या साऱ्या रजिस्ट्रींची बेरीज अजून लाखांत मोजावी लागते. अमेरिकेच्या रजिस्ट्रीतील माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला उत्तम जुळणीचा दाता मिळण्याची शक्यता त्यात ७५ टक्के निघाली, तर दक्षिण किंवा मध्य अमेरिकी मूळ असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णाला ती केवळ १६ टक्के. देश तोच, औषधे तीच, रजिस्ट्रीही तीच. फरक पडला तो यादीत कोणाची नावे आहेत यामुळे. आपल्या भाच्याचे दुर्दैव वैद्यकीय कमी आणि मोजणीचे अधिक आहे, असे मला वाटते. त्याच्या डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात : आई किंवा वडिलांकडून होणाऱ्या अर्ध्या जुळणीच्या प्रत्यारोपणाचा पर्याय त्याच्या बाबतीत आहे काय, आणि शोध काही महिन्यांनी पुन्हा घेता येईल काय. यादीत रोज नवी नावे येत असतात.

मी सुरगाणा तालुक्यात आश्रमशाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल अशा जमातींची मुले आहेत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी गेली काही वर्षे होत आहे. आदिवासींसाठी दात्यांची वेगळी रजिस्ट्री काढल्यास खरोखर उपयोग होईल का, की ही शहरातल्या लोकांची कल्पना आहे? — एक शिक्षक, सुरगाणा

उपयोग होईल, पण कोणत्या अर्थाने, ते नीट सांगायला हवे, कारण या विषयात भलत्या आशा लावणे फार सोपे आहे.

आधी उपयोगाचे. दक्षिण आशियातील २६०हून अधिक समूहांच्या जनुकांचा अभ्यास २०१७ मध्ये 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात छापून आला. मोजक्या पूर्वजांपासून वाढलेले आणि नंतर आपसातच लग्ने करत आलेले असे ८१ समूह त्यात ठळकपणे दिसले. त्यांच्यातला हा परिणाम फिनलंडचे लोक किंवा युरोपातले अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही तीव्र होता. रोटीव्यवहार कुणाशीही झाला तरी बेटीव्यवहार जातीत-जमातीत, ही आपली रीत शरीराच्या आत अशी उमटली आहे. या रीतीचा त्रास आनुवंशिक आजारांच्या रूपाने दिसतोच. दाता शोधताना मात्र तिची एक बाजू कामाला येते : अशा समूहात एचएलएचे तेच ते गठ्ठे पुन्हा पुन्हा सापडतात. म्हणून मोठ्या, मिसळलेल्या लोकसंख्येसाठी लाखो दाते लागतात, तर लहान आणि बंदिस्त समूहासाठी त्याच समूहातले काही हजार दातेही शोधाचे चित्र पालटू शकतात. इस्राएलमध्ये सैन्यात दाखल होणाऱ्या तरुणांनाच दाता होण्याविषयी विचारतात आणि त्यातून ज्यू रुग्णांसाठी भक्कम यादी उभी राहिली. उलट पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांत शिबिरे घेऊन कितीही नावे गोळा केली तरी त्यात पेठ, सुरगाणा, हरसूलची माणसे येणार नाहीत. नाशिक जिल्ह्याची जवळजवळ चौथाई लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. दात्यांच्या यादीत ती चौथाई कोठे आहे, हा प्रश्न शहरातल्या कल्पनेतून आलेला नाही.

आता मर्यादा. सिकलसेलमध्ये प्रत्यारोपणाचे सर्वांत चांगले निष्पन्न पूर्ण जुळणाऱ्या सख्ख्या भावंडाकडून मिळते. नात्याबाहेरच्या दात्याचा विचार या आजारात फार जपून आणि मोजक्याच रुग्णांत होतो. बहुतेक मुलांचे आयुष्य सावरते ते हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेतल्याने, लसी व प्रतिजैविके वेळेवर मिळाल्याने आणि वेदनेचा झटका आल्यावर कुणीतरी लगेच दखल घेतल्याने. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे सुरू झाली. शून्य ते चाळीस वयोगटातल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. त्या तपासणीत आजारी ठरलेल्या मुलाच्या भावंडांची एचएलए तपासणी हे रजिस्ट्रीच्या आधीचे पाऊल आहे. म्हणून पाड्यावर जाऊन 'नाव नोंदवा, म्हणजे तुमच्या सिकलसेलच्या मुलाला दाता मिळेल' असे कुणी सांगत असेल तर ते थांबवा. आदिवासी दात्यांच्या यादीची खरी गरज रक्ताचा कर्करोग, अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया, जन्मजात रोगप्रतिकारशक्ती नसणे अशा आजारांत पडेल. हे आजार जमात पाहून येत नाहीत, दाता मात्र जमातीजवळच सापडण्याचा संभव अधिक असतो.

रजिस्ट्री उभारायचीच असेल तर ती कशी उभारू नये हे मला अधिक खात्रीने सांगता येते. एका दिवसाचे शिबिर, मंडप, पाहुण्यांचे सत्कार, पाचशे स्वॅब (गालाच्या आतून घेतलेले नमुने) आणि संध्याकाळी परतीची गाडी, अशाने यादी फुगते पण दाता मिळत नाही. नाव नोंदवल्यापासून प्रत्यक्ष बोलावणे येईपर्यंत दोन वर्षे जातील किंवा पंधरा जातील, आणि अनेकांना ते कधीच येणार नाही. ते येईल तेव्हा माणूस सापडला पाहिजे. सुरगाणा-पेठची माणसे ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षांचा हंगाम संपेपर्यंत दिंडोरी-निफाडच्या मळ्यांवर असतात, सिमकार्ड दरवर्षी बदलते आणि अर्जावरच्या पत्त्यावर उन्हाळ्यातही कुलूप असू शकते. त्यामुळे एका मोबाइल क्रमांकावर विसंबून चालणार नाही. गावात कायम राहणाऱ्या दोन नातेवाइकांची नावे, दात्याची संमती असल्यास आशा कार्यकर्तीची ओळख, आणि वर्षातून एकदा, शक्यतो सणाला माणसे घरी परततात तेव्हा, प्रत्यक्ष भेट, ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी. हे काम बाहेरच्या संस्थेपेक्षा तुमच्या शाळेतून बारावी होऊन गेलेली मुले-मुली चांगले करतील. त्यांना त्याचे मानधन मिळाले पाहिजे. सेवाभावाच्या नावाखाली फुकट राबवून घेतलेले काम दुसऱ्या वर्षी बंद पडते.

दुसरी काळजी संमतीची. सिकलसेलसाठी बोटातून घेतलेले रक्त सिकलसेलसाठीच वापरायचे. त्याच नमुन्यातून गुपचूप एचएलए काढणे हा विश्वासघात होईल, मग हेतू कितीही चांगला असो. दोन्ही कामे एकाच दिवशी एका शाळेत करायची असतील तर टेबले वेगळी, माणसे वेगळी आणि कागद वेगळे ठेवावेत. दाता होणे आणि आपला नमुना संशोधनाला देणे या दोन गोष्टींसाठी दोन स्वतंत्र सह्या हव्यात. समजावून सांगणे कोकणीत किंवा ज्या बोलीत घरी बोलणे चालते त्या बोलीत व्हावे, आणि 'नाही' म्हणणाऱ्याला कारण विचारू नये. अठरा वर्षांखालच्या विद्यार्थ्यांची दाते म्हणून नोंदणी होतच नाही, त्यामुळे आश्रमशाळेतल्या मुलांच्या रांगा लावण्याचा प्रश्नच येत नाही. रजिस्ट्रीही नवी, वेगळी काढू नये. चेन्नईची दात्री, बंगळुरूची डीकेएमएस इंडिया अशा चालू रजिस्ट्रीशी जोडून घ्यावे, म्हणजे नाव जगभरच्या शोधात दिसते. जमातीसाठी वेगळी हवी ती पोचण्याची आणि संपर्क टिकवण्याची व्यवस्था. वेगळ्या कपाटात ठेवलेली यादी कुणाच्याच उपयोगाची नाही.

देवळाली कॅम्पमध्ये आमच्या सिंधी समाजात थॅलेसेमियाची बरीच मुले आहेत. मंडळातर्फे लग्नाच्या हॉलमध्ये दाता नोंदणी शिबिर घ्यावे असा विचार आहे. काय काळजी घ्यावी? — मंडळाचे एक कार्यकर्ते, देवळाली कॅम्प

सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकांचे (ज्यांच्याकडे सदोष जनुक एकच असते आणि स्वतःला आजार नसतो त्यांचे) प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरेच अधिक आहे, हे जुने निरीक्षण आहे. देशभरात दरवर्षी सुमारे दहा हजार मुले थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा तीव्र प्रकार, घेऊन जन्माला येतात. म्हणून माझी पहिली सूचना नोंदणीविषयी नाही. त्याच हॉलमध्ये, त्याच दिवशी, लग्नाच्या वयाच्या मुला-मुलींसाठी वाहक तपासणी ठेवा. साधी रक्तगणना आणि एचबीए२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराची मोजणी एवढ्यात काम होते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारांत एक असते. ती आधी कळली तर कुटुंबाला निर्णय घेता येतो. दाता शोधण्याच्या खर्चाशी आणि यातनेशी तुलना केली तर ही तपासणी जवळजवळ फुकट आहे.

नोंदणीसाठी १८ ते ३५ या वयोगटावर भर द्या. काही रजिस्ट्री पन्नाशीपर्यंत किंवा थोडे पुढेही नावे घेतात, पण डॉक्टर निवड करताना तरुण दात्याला पसंती देतात, कारण त्याच्या पेशींचे निष्पन्न चांगले येते. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, तो काही मिनिटांचा मामला. प्रयोगशाळेतल्या तपासणीचा खर्च रजिस्ट्री करते. देणगीदार मिळवून मंडळाने त्यात वाटा उचलला तर तो योग्य ठिकाणी गेला असे समजा. दात्याकडून पैसे घेत नाहीत आणि त्याला देतही नाहीत.

आपल्या कार्यकर्त्यांनी एक गोष्ट मात्र न चुकता, मोठ्या आवाजात सांगावी. दात्याला केव्हाही माघार घेण्याचा हक्क आहे. पण प्रत्यारोपणाच्या आधीच्या आठवड्यात रुग्णाला जी तीव्र केमोथेरपी देतात तिच्यामुळे त्याची स्वतःची अस्थिमज्जा नष्ट होते. त्यानंतर दात्याने पाठ फिरवली तर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य होते. ज्याला खात्री नाही त्याने नोंदणीच्या टेबलावरच 'नाही' म्हणावे. त्यात कमीपणा काहीही नाही आणि कुणी त्याला समाजात नावे ठेवू नयेत. शिबिराचे यश किती स्वॅब झाले यावर मोजण्याऐवजी किती जण समजून-उमजून परत गेले हेही अहवालात लिहा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. व्यासपीठावरून आजारी मुलाला उभे करून भावनेला हात घालणेही टाळावे. त्या क्षणी भरलेले अर्ज बोलावणे येते तेव्हा हमखास गळतात.

भावंड पूर्ण जुळत असेल आणि खर्च हीच अडचण असेल तर कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईत बोरिवली येथे महापालिकेचे थॅलेसेमिया व प्रत्यारोपण केंद्र आहे, तेथे चौकशी करावी. थॅलेसेमिया मायनर असलेले, म्हणजे केवळ वाहक असलेले भावंड, बाकी प्रकृती ठीक असल्यास, दाता होऊ शकते. हे अनेक पालकांना माहीत नसते.

माझ्या मुलीने महाविद्यालयात नाव नोंदवले आहे. मणक्यात सुई घालतात, नंतर अशक्तपणा राहतो, मूल होण्यात अडचण येते, असे शेजारी सांगतात. तिला नाव काढायला सांगावे का? — एक आई, गंगापूर रोड

मणक्यात सुई घालत नाहीत. दहापैकी नऊ वेळा पेशी रक्तातूनच गोळा करतात. दात्याला चार-पाच दिवस जी-सीएसएफ या औषधाची इंजेक्शने त्वचेखाली देतात, त्यामुळे अस्थिमज्जेतल्या मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रक्तपेशी तयार होतात त्या पेशी, रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त यंत्रात जाते, यंत्र हव्या त्या पेशी वेगळ्या करते आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातात परत येते. चार-पाच तास लागतात, क्वचित दुसऱ्या दिवशीही बसावे लागते. प्लेटलेट देताना रक्तपेढीत जे यंत्र दिसते त्याच जातीचे हे यंत्र. इंजेक्शनांच्या दिवसांत हाडे ठणकतात, डोके दुखते, अंगात कणकण वाटते. साध्या वेदनाशामकाने आराम पडतो आणि औषध थांबल्यावर हा त्रास ओसरतो. उरलेल्या थोड्या दात्यांना भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून मज्जा काढतात. काही दिवस कंबर दुखते. काढलेली मज्जा काही आठवड्यांत शरीर भरून काढते.

गंभीर गुंतागुंत अगदीच होत नाही असे मी म्हणणार नाही. प्लीहा (पाणथरी) सुजून फाटल्याच्या घटना जगात नोंदल्या गेल्या आहेत, पण त्या फार विरळ आहेत. भुलेचा जो धोका कोणत्याही लहान शस्त्रक्रियेत असतो तो येथेही आहे. म्हणूनच पेशी घेण्याआधी दात्याची संपूर्ण तपासणी होते आणि शंका असेल तर त्याला नाकारतात. सिकलसेलचा आजार असलेल्या व्यक्तीला ही इंजेक्शने घातक ठरू शकतात, त्यामुळे तिला दाता करत नाहीत. मूल होण्यावर परिणाम होतो याला आधार नाही. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काळात मात्र दात्याचे नाव तात्पुरते बाजूला ठेवतात.

आपली मुलगी सज्ञान आहे, तिच्या सहीला आपल्या संमतीची कायद्याने गरज नाही. तरीही आपण हे आजच समजून घेतलेत ते चांगले झाले, कारण बोलावणे येते तेव्हा दात्याला अडवणारे बहुधा घरचेच असतात आणि लग्न झालेले असेल तर सासरचेही. तिने लग्न ठरताना ही गोष्ट जोडीदाराच्या कानावर घालावी. नाव काढायला सांगू नये, असे माझे मत आहे.

आता आई-वडिलांच्या अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण होते असे वाचले. मग रजिस्ट्रीवर पैसा का घालवायचा? — एक अभियंता, सातपूर

हा आक्षेप जाणकारही घेतात आणि तो वजनदार आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये एक पद्धत विकसित झाली. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देऊन, रुग्णावर हल्ला करू पाहणाऱ्या दात्याच्या पेशींना आवर घालता येतो. त्यामुळे आई, वडील, अर्धे जुळणारे भाऊ-बहीण किंवा स्वतःची मुले हेही दाते होऊ शकले. भारतात, जिथे रजिस्ट्रीत दाता मिळणे दुरापास्त आणि परदेशातून पेशी आणणे महाग, तिथे या पद्धतीने अनेक रुग्णांना वाट मिळाली आहे. जो रुग्ण आज थांबू शकत नाही त्याने रजिस्ट्रीची वाट पाहू नये, हे मी येथे स्पष्टपणे लिहितो.

पण काही रुग्णांच्या रक्तात आई-वडिलांच्या एचएलएविरुद्धच प्रतिपिंडे तयार झालेली असतात, विशेषतः वर्षानुवर्षे रक्त चढवलेल्यांच्या. कधी आई-वडील वयस्क किंवा आजारी असतात. आनुवंशिक आजारात भावंडेही तोच आजार घेऊन आलेली असतात. आणि सगळ्या आजारांत अर्ध्या जुळणीचे निष्पन्न पूर्ण जुळणीइतके चांगले येतेच असे नाही. आणखी एक गोष्ट आपल्या आक्षेपाच्या उलट दिशेने जाते. तेच सायक्लोफॉस्फमाइड वापरून, दहापैकी आठ-नऊ जुळणाऱ्या परक्या दात्याकडूनही प्रत्यारोपण करणे आता सुरक्षित होत चालले आहे. म्हणजे यादीत आपल्यासारखी माणसे थोडी जरी वाढली तरी उपयोगी पडू शकणाऱ्या दात्यांची संख्या पूर्वीपेक्षा अधिक पटीने वाढते. रजिस्ट्रीची किंमत त्यामुळे कमी झाली नाही. फक्त पूर्ण जुळणीच हवी हा हट्ट सुटला.

दाता दुसऱ्या धर्माचा किंवा जातीचा असला तर चालतो का? रक्तगट जुळावा लागतो का? अर्जात जात का विचारतात? — एक यंत्रमाग व्यावसायिक, मालेगाव

चालतो. संगणक एचएलएची रूपे पाहतो, धर्म-जात पाहत नाही. रक्तगट वेगळा असला तरी प्रत्यारोपण होते आणि काही महिन्यांनी रुग्णाचा रक्तगट दात्याचा होतो. दाता आणि रुग्ण यांची ओळखही बहुतेक रजिस्ट्री किमान एक वर्ष गुप्त ठेवतात. समूहाची माहिती विचारण्याचे कारण इतकेच की, यादीत कोण कमी आहे हे त्याशिवाय कळत नाही आणि पुढचे शिबिर कुठे घ्यायचे ते ठरत नाही. तरीही जातीचा रकाना सक्तीचा असू नये. मातृभाषा आणि आई-वडिलांचे मूळ गाव एवढ्यावर बरेच काम भागते. मालेगावच्या विणकर घराण्यांपैकी अनेकांचे मूळ उत्तर प्रदेशात आहे, त्यामुळे तुमच्याकडे 'मूळ गाव' हा रकाना अधिक बोलका ठरेल. मालेगावातून आजवर या विषयावर आलेले हे पहिलेच पत्र आहे, तेव्हा आपणच एखाद्या महाविद्यालयात बोलणी सुरू करावी.

आम्हाला बाळ होणार आहे. नाळेचे रक्त खासगी बँकेत ठेवण्यासाठी प्रतिनिधी रोज फोन करतो. घ्यावे का? — एक दांपत्य, इंदिरानगर

नाळेच्या रक्तातही मूलपेशी असतात, पण घरात प्रत्यारोपणाची गरज असलेले मूल आधीपासून नसेल तर ही सेवा घेऊ नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना या दोहोंनी केवळ 'विमा' म्हणून खासगी साठवणूक करण्याची शिफारस केलेली नाही. बाळाला थॅलेसेमियासारखा आजार झाला तर त्याच्याच नाळेच्या रक्तात तोच दोष असतो, हे प्रतिनिधी सांगत नाही. मधुमेह, ऑटिझम, गुडघेदुखी यांवर मूलपेशींचे उपचार विकणाऱ्या जाहिरातींचाही या लेखातल्या प्रत्यारोपणाशी काही संबंध नाही. वाचलेल्या पैशात आई-वडील दोघांची थॅलेसेमिया-सिकलसेल तपासणी राहिली असेल तर ती आजच करून घ्या.

मी शिकत असताना नाशिकला एका शिबिरात स्वॅब दिला होता. नंतर पुण्याला गेलो, फोन क्रमांक बदलला. माझे नाव अजून यादीत असेल का? — एक वाचक, सध्या पुणे

बहुधा असेल, पण जुन्या क्रमांकासह. शिबिरात मिळालेल्या कार्डावर रजिस्ट्रीचे नाव आणि दाता क्रमांक असतो. कार्ड हरवले असले तरी जन्मतारीख आणि तेव्हाचा फोन क्रमांक सांगितला की नोंद सापडते. नवा पत्ता, नवा क्रमांक, ईमेल आणि न बदलणारा एखादा नातेवाईक, इतके कळवा. मधल्या काळात मधुमेहासाठी इन्सुलिन, कावीळ ब किंवा क, मोठी शस्त्रक्रिया असे काही झाले असेल तर तेही सांगा. आता दाता राहायचे नसेल तर तसे लेखी कळवा, नाव काढून टाकतात. आणि रजिस्ट्रीकडून पुन्हा तपासणीसाठी रक्त मागितले गेले, तर कुणाशी तरी आपली जुळणी दिसली आहे असे समजावे आणि होकार किंवा नकार त्याच आठवड्यात द्यावा.